मीनाच्या तीन ओळी

सातवीच्या वाचनतासाला मीना मान खाली घालून बसायची. धडा वाचताना ती अडखळायची आणि मुलं हसायची. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात मी हायकू शिकवला. म्हटलं, "तीनच ओळी, आणि आपण पाहिलेलं एकच चित्र."

लिहून झाल्यावर मीना आपणहून उभी राहिली.

"कोरडा नळ
तोटीखाली चिमणी
वाट पाहते"

ती एकदाही अडखळली नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "परत वाच ना."

बाहेर पडताना ती म्हणाली, "बाई, भीती वाटायच्या आतच संपलं!"

मी हसले, पण मन खट्टू झालं. लांबलचक धड्यांपुढे किती आवाज असे आतच राहत असतील! निकालानंतर मीना दाखला घेऊन तालुक्याच्या शाळेत गेली. हायकू जूनमध्येच शिकवायला हवा होता.