नऊ वेळा काढलेली ओळ

जानेवारीतल्या एका सोमवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात एका गावाच्या नोंदीत एक ओळ वाढली. तीन वाजून चौदा मिनिटांनी ती काढली गेली. ओळ लिहिणारे लातूरच्या आमच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅबचे मामा होते. काढणारा मी होतो. भूकंपाला तेव्हा वीस वर्षं होऊन गेली होती.

"नंबर नगं. नाव लिवा."

लॅबच्या दारात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं आहे. दाराशी एक टेबल, टेबलावर रजिस्टर, रजिस्टरला सुतळीने बांधलेलं पेन. रकाने पाच: कॉम्प्युटरचा क्रमांक, आत येण्याची वेळ, नाव, सही, बाहेर जाण्याची वेळ. पोरं घाईत असायची. नावाच्या रकान्यात रोल नंबर खरडून आत पळायची. मामा त्यांना परत बोलवायचे, तेही आवाज न चढवता. बोट रकान्यावर ठेवून उभे राहायचे, एवढंच.

असा माणूस तुम्हीही कुठल्या ना कुठल्या कचेरीत पाहिला असेल. साहेबाने लावलेला नियम साहेब विसरतो आणि दाराशी बसलेला माणूस पाळत राहतो.

सकाळी सात ते दहा लॅब एका कोचिंग क्लासला भाड्याने दिलेली असायची, सराव परीक्षांसाठी. लातुरात तेव्हा क्लासचे फलक विजेच्या खांबांपेक्षा जास्त होते. प्रत्येक फलकावर पोरांचे फोटो आणि फोटोखाली नावापेक्षा मोठ्या अक्षरात क्रमांक. ती पोरं स्वतःची ओळख "बॅच ई, एकशे बारा" अशी करून द्यायची. मामांनी त्यांनाही सोडलं नाही. मुखेडहून आलेला एक मुलगा चिडून म्हणाला, "मामा, आधार कार्ड पण दाखवू का?" मामा म्हणाले, "नगं. आईनं जे ठिवलंय तेवढं लिव."

एकाने गंमत म्हणून हिंदी सिनेमातल्या एका नटाचं नाव लिहिलं. मामांनी ते वाचलं, मान डोलावली आणि दिवसभर त्या पोराला त्याच नावाने हाक मारली. कँटीनमध्येसुद्धा. संध्याकाळी पोरगा स्वतः येऊन नाव दुरुस्त करून गेला.

मी मूळचा नांदेडचा. तिथल्या एका दैनिकात सत्तावीस वर्षं बातमीदारी केली. नोकरी संपल्यावर आठवड्यातून तीन दिवस एसटीने लातूरला येऊन पत्रकारितेच्या वर्गाला शिकवू लागलो. मामा माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान. तरी सगळे मामा म्हणत म्हणून मीही मामाच म्हणायचो. माझी एसटी पोचली की लॅबमधला पंखा सुरू झालेला असायचा आणि माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या झाकून ठेवलेला असायचा. त्यांचं नाव काय, हे मी तीन वर्षांत विचारलं नाही.

त्या वर्षी मी वर्गाला एक काम दिलं. प्रत्येकाने नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातलं एक गाव घ्यायचं आणि ज्ञानकोशात त्याची नोंद लिहायची किंवा असलेली सुधारायची. वीस गुण. नियम एकच, आणि तो मी फळ्यावर लिहून ठेवला होता: तुम्हाला माहीत आहे म्हणून चालणार नाही, कुठे छापलं आहे ते सांगा. प्रत्येक वाक्याला संदर्भ हवा. संदर्भ नसलेलं वाक्य काढून टाकलं तर त्याचेही गुण मिळतील, असंही मी सांगितलं होतं.

पहिले पंधरा दिवस हसण्यात गेले. अर्धापूरच्या मुलाने केळीवर चार पानं लिहिली आणि गावावर दोन ओळी. बिलोलीकडच्या एकाने आपल्या गावाला "निसर्गरम्य, शेजारून खळाळती नदी" असं लिहिलं. नदी कुठली, विचारलं तर म्हणाला, "सर, पावसाळ्यात वाहते." मी संदर्भ मागितला. त्याने नदी काढून टाकली.

शिल्पा नावाची एक विद्यार्थिनी होती, वर्गात सगळ्यांत नेटकी. तिने मामांचं गाव घेतलं. भूकंपातलं गाव, औसा तालुक्यातलं. मामांशी बोलून तिने शाळा, जुनी वेस, पुनर्वसनातल्या गल्ल्या, सगळं टिपून घेतलं. मग कॉलेजच्या ग्रंथालयात वर्तमानपत्रांच्या जुन्या बांधीव फायली चाळल्या आणि नोंदीत लिहिलं: "गावाबाहेरच्या वस्तीत कुडाची व पत्र्याची घरे असल्याने तेथे एकही बळी गेला नाही." खाली संदर्भ होता. आमचं दैनिक, भूकंपानंतर तिसऱ्या दिवशीचा अंक, पान एक, "आमच्या वार्ताहराकडून".

तो वार्ताहर मी होतो.

वाक्य कसं लिहिलं गेलं, ते मला आठवतं. दगडमातीची माळवदं कोसळून गाव सपाट झालं होतं. पाऊस सुरू होता. गाव आणि बौद्ध वस्ती यांच्यामध्ये ओढा होता, पाणी गुडघाभर. पलीकडची पत्र्याची घरं उभी दिसत होती. तलाठ्याकडे घरवार यादी होती; हाताने लिहिलेली, घराच्या मालकाचं नाव आणि पुढे मेलेल्यांचा आकडा. वस्तीतल्या घरांपुढे आकडा नव्हता. पाचच्या आत लातूर गाठून फोनवर बातमी सांगायची होती. ओढा मी ओलांडला नाही. संपादकांना ते वाक्य आवडलं. निरीक्षण चांगलं आहे, असं म्हणून त्यांनी ते चौकटीत घेतलं.

शिल्पाच्या नोंदीला मी अठरा गुण दिले. तो वार्ताहर कोण, हे वर्गाला सांगितलं नाही. तेव्हा सांगण्यासारखं काही वाटलंही नाही. जुनं वाक्य पुन्हा भेटल्याचा थोडा आनंदच झाला, हे लिहिलं पाहिजे.

वाढलेली ओळ त्या वाक्याच्या खाली होती: "वस्तीतली सुजाता, वय आठ, भूकंपात गेली". संदर्भ नाही. त्या ज्ञानकोशात खातं न उघडता लिहिलं तर लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसत्या आकड्यांची रांग दिसते. मला आकडे दिसले. कोणा पोराने भावनेच्या भरात लिहिलं असेल म्हणून ओळ काढली आणि कारणाच्या जागी लिहिलं, "संदर्भ नाही". चार दिवसांनी ओळ परत आली. मी परत काढली. वीस गावांच्या नोंदींवर माझी नजर असायची. नांदेडच्या घरी चहा पिता पिता मी अशा ओळी काढायचो. ही नऊ वेळा काढली. शब्द दर वेळी तेच होते, फक्त चौथ्या वेळेपासून शेवटी पूर्णविराम येऊ लागला होता.

मार्चमध्ये मी वर्गात विचारलं, हे कोण करतंय. तास संपल्यावर शिल्पा थांबली.

"मामा लिहितात, सर. पोरं जेवायला गेली की सात नंबरवर बसतात. त्यांची बहीण होती ती."

"तुला माहीत होतं?"

"टाइप करायला मीच शिकवलं. पूर्णविराम पण."

मग मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. ती फळ्याकडे बघत म्हणाली, "तुमचाच नियम होता ना, सर. छापलेलं दाखवा म्हणून."

बाकीचं तिने सांगितलं आणि पुढे मामांनी. गणपती विसर्जनाची मिरवणूक लांबली म्हणून सुजाता त्या रात्री गावातच राहिली, वर्गातल्या मैत्रिणीच्या घरी. माळवदाचं घर होतं. त्या घरातलं कोणी उरलं नाही. यादी घरवार होती, म्हणून त्या घरापुढच्या आकड्यात ती धरली गेली. नाव विचारायला कोणी नव्हतं, म्हणून आकड्याशेजारी कंसात "एक मुलगी" असं लिहिलं गेलं. तिला बाहेर काढलं तेव्हा मामा तिथे होते. तेरा वर्षांचे होते. नाव सांगत होते, पण लिहिणारा तोवर पुढच्या घराकडे गेला होता.

पुनर्वसनाच्या गावात गेलेल्यांच्या नावांचा दगड उभा राहिला, तेव्हा त्यावर तिचं नाव यावं म्हणून त्यांचे वडील कचेरीत दोनदा गेले. दुसऱ्या वेळी तिथल्या कारकुनाने कपाटातून एक कात्रण काढून दाखवलं. तुमच्या वस्तीत कोणी गेलंच नाही, पेपरात आलंय, बघा. वडिलांनी ते कात्रण मागून आणलं. वाचता येत नसतानाही त्यांनी ते शेवटपर्यंत पेटीत ठेवलं.

ते कात्रण मामांनी एका दुपारी माझ्यापुढे ठेवलं. प्लास्टिकच्या पाकिटात होतं. लॅब रिकामी होती.

"सर, तुमी त्याच पेपरात व्हता म्हणं."

"होतो."

"हे कुणी लिवलं आसंल?"

मी कात्रण हातात घेतलं. चौकट, चौकटीतलं वाक्य. मी म्हणालो, "'आमच्या वार्ताहराकडून' असलं की सांगता येत नाही, मामा. तेव्हा बरेच जण फिरत होते."

"नाव लिवत नव्हते व्हय?"

"नव्हते."

"बरं," असं म्हणून त्यांनी पाकीट परत घेतलं, हाताने सपाट केलं आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "चूक झाली तर पेपर काय करतो, सर?"

"दुरुस्ती छापतो."

"किती दिसांनी?"

"दुसऱ्या दिवशी."

त्यांनी मान हलवली. पुढच्या खेपेलाही माझ्या टेबलावर तांब्या झाकून ठेवलेला होता.

दुरुस्ती छापून आणणं मला अवघड नव्हतं. दैनिकात माझं साप्ताहिक सदर चालू होतं. तीन ओळी पुरेशा होत्या, आणि त्या तीन ओळी छापल्या की ज्ञानकोशाला हवा असलेला संदर्भ तयार होणार होता. एप्रिलमध्ये मी त्या लिहिल्या. त्यात "त्या वेळच्या एका वृत्तात" असं लिहिलं आणि कागद ठेवून दिला. मेमध्ये "आमच्या प्रतिनिधीच्या अनवधानाने" असं करून पाहिलं. ओढ्याला पाणी गुडघाभरच होतं, हे दोन्ही मसुद्यांत आलं नाही. त्या दोन महिन्यांत मी दोन सदरं बातमीतल्या अचूकतेवर लिहिली. लोकांची पत्रं आली.

मामा नोंदीत पुन्हा लिहायचे थांबले होते.

जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा लॅबच्या दारावर कोचिंग क्लासची पाटी होती. लॅब पूर्ण वेळ त्यांच्याकडे गेली होती. दाराशी टेबल नव्हतं. पोरं यंत्रावर अंगठा टेकवून आत जात होती. मामा ठेकेदाराकडून आलेले होते, ठेका संपला. कुणी म्हणालं पुण्याला गेले, कुणी म्हणालं उदगीरला सासुरवाडीला. शिल्पाकडे त्यांचा फोन नंबर होता. तो लागला नाही. ठेकेदाराच्या हजेरीपत्रकाची प्रत मी ऑफिसातून मागवली. त्यात प्रत्येक माणसापुढे आद्याक्षर आणि क्रमांक होता.

दुरुस्ती जुलैच्या एका रविवारी पाचव्या पानावर आली. तीत सुजाताचं पूर्ण नाव होतं, वडिलांचं नाव आणि आडनावासह, वय होतं, आणि मूळ बातमी लिहिणारा वार्ताहर म्हणून माझं नाव होतं. त्या वस्तीत मी गेलो नव्हतो, हेही होतं. शिल्पाने त्याच दिवशी ती ओळ नोंदीत घातली आणि चौकटीतलं वाक्य काढलं. तिच्या ओळीला संदर्भ आहे, क्रमांक चार. ती अजून कोणी काढलेली नाही.

पूर्ण नाव कुठून मिळालं, तेही नोंदवून ठेवतो. लॅबची जुनी रजिस्टरं ग्रंथालयाच्या माळ्यावर टाकलेली होती. जानेवारी ते मार्चच्या पानांत, दुपारच्या वेळी, एकाच अक्षरात नऊ नोंदी आहेत. कॉम्प्युटर सात, आत येण्याची वेळ, पूर्ण नाव, सही, बाहेर जाण्याची वेळ. मामांचं नाव, वडिलांच्या नावासह आणि आडनावासह, मी तिथे पहिल्यांदा वाचलं. त्यांना विचारता आलेलं नाही, म्हणून इथे देत नाही.

त्याच अक्षरात दहावी नोंद एप्रिलच्या शेवटच्या तारखेची आहे, लॅबच्या शेवटच्या दिवसाची. कॉम्प्युटर सात, आत येण्याची वेळ दोन वाजून पाच मिनिटं, पूर्ण नाव, सही. ज्ञानकोशात त्या दिवशी त्या गावाच्या नोंदीत कोणताही बदल झालेला नाही. रजिस्टरमध्ये बाहेर जाण्याच्या वेळेचा रकाना कोरा आहे.