मोठेबाबांचा हातोडा

मोठेबाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तेलीबांध्याच्या ऑफिसात लोकांचे अर्ज भरून देत होते. चुलत बहीण हिंदीतच बोलली, "दीदी, पापा नहीं रहे." त्याला दीड महिना झाला. तेव्हा रडू आलं नाही... डोळ्यांपुढे एक कागद आला, माझ्या हातचा.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ. रेल्वेत की-मॅन. हातोडा घेऊन आपल्या वाट्याचा रूळ रोज पायी तपासायचा, ही त्यांची नोकरी. रिटायर झाल्यावर मेळ्याच्या मैदानातली छोटी रेल्वे चालवायला लागले. इंजिन, चार डबे, मैदानाभोवती एक फेरा. पण पहिल्या फेरीआधी अख्खा रूळ पायी चालायचे, जोडाजोडावर हातोडा मारून कान द्यायचे. चाटवाले हसत. मीही हसले. कॉलेजात होते, घराण्यातली पहिली. अक्कल जरा जास्तच आली होती. म्हटलं, "मोठेबाबा, खेळण्यातली गाडी आहे जी."

"गाडी खेळन्यातली आहे पोरी. लेकरं खरे आहेत न?"

नवं राज्य होऊन आमचं शहर राजधानी झालं, मैदानाला नवं गेट आणि नवा ठेकेदार आला. उद्घाटनाला साहेब लोक सहकुटुंब डब्यांत बसले. सकाळीच मंडपाचे ट्रक रुळावरून गेले होते, म्हणून मोठेबाबा पुन्हा हातोडा घेऊन निघाले. ठेकेदार मागे धावला. "काका, खिलौना है, चलाओ ना."

"हव, चलाता. पहले देखने दो."

साहेब उन्हात ताटकळले. एक जोड खरंच सुटलेला निघाला. तो ठोकून बसवला, मगच गाडी हलली. दुसऱ्या दिवशी मोठेबाबांना गेटवरच थांबवलं.

मी नुकतीच बी.ए. झालेली, कामावर परत घ्या असा अर्ज लिहायचा मान माझा. ते म्हणाले, "जोड सुटला होता, एवढंच लिही." पण ऑफिसात काय चालतं ते मला जास्त कळत होतं ना. मी लिहिलं, वय झाल्यामुळे माझ्या हातून चूक झाली, माफी असावी. त्यांनी वाचलं नाही. "तू लिहिलं न, झालं मंग," म्हणून सही केली.

आम्ही दोघं अर्ज घेऊन गेलो, ठेकेदाराने तो अर्ज तिकीट खिडकीपाशी चारचौघांत मोठ्याने वाचला. वाचून घडी घातली आणि दुसरा ड्रायव्हर ठेवल्याचं सांगितलं. रिक्षाने परत निघालो. पंडरीचा बाजार आल्यावर मोठेबाबा म्हणाले, "माही चूक नव्हती पोरी." मी बाहेरची कापडाची दुकानं पाहत बसले. पुढे इतकी वर्षं गेली, माझी चूक होती हे तोंडातून निघालं नाही. तेरवीला तोच ठेकेदार हार घेऊन आला. "बड़े नियम के आदमी थे," म्हणाला. मी त्याला चहा दिला.

हातोडा मोठीआईने मला दिला. टेबलावर अर्जांच्या गठ्ठ्यावर ठेवला आहे. सहीआधी मी अर्ज शब्दन् शब्द वाचून दाखवते, मागची रांग कुरकुरते. परवा एकजण म्हणाला, "मैडम, अर्जी ही तो है, साइन करा लो."

मी वाचत राहिले. एकच अर्ज मी वाचून दाखवला नाही.