नकाराचा तंबू

नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नच्या छोट्या इराणी दुकानात बेहरूझआगांशी कुणी सहमत झालं की त्यांना चैन पडत नसे. त्यांच्या देशाचा एक पंतप्रधान फार पूर्वी लष्करी उठावात सत्तेवरून खेचला गेला होता. गिऱ्हाईक म्हणालं, "तो लोकांनी आणलेला माणूस होता," की आगा म्हणत, "लोकांनी कुठे? संसदेने सुचवला, बादशहाने नेमला." आणि कुणी त्याला हुकूमशहा म्हटलं, की केशराची डबी आपटून ओरडत, "देशाचं तेल देशाला देणारा हुकूमशहा? निघा माझ्या दुकानातून!"

माझा केटरिंगचा धंदा मी शून्यातून उभा केला. केशर-बदाम आगांकडूनच घ्यायची. भाव पाडण्यात मला कुणी हरवत नाही. आगा शेवटी हात जोडत, "खानम, कातडी सोललीस माझी. आता चहा तरी घे."

एकदा मी धुमसतच तिथे गेले. जे मराठी मंडळ मी उभं केलं, त्याच्या अध्यक्षपदावरून मला भर सभेत हात वर करून काढलं होतं. पहिला हात मीनलचा, माझ्या जिवलग मैत्रिणीचा.

"तुमच्या पंतप्रधानासारखंच झालं माझं. आपल्याच माणसांनी घात केला!"

"मैत्रीण काय म्हणाली?"

"म्हणे, तुझं काम चांगलं, पण कुणाला न विचारता कार्यकारिणी मोडलीस ते चूक. ढोंगी मेली!"

आगा उठले. त्यांनी दुकानाचं दार आतून लावलं आणि ते सांगू लागले.

संसद बरखास्त करण्यासाठी पंतप्रधानाने लोकांचा कौल घेतला, तेव्हा आगा लहान होते. चौकात होकाराचा तंबू वेगळा, नकाराचा वेगळा. होकाराकडे गर्दी आणि घोषणा. वडील शाळामास्तर. घरात पंतप्रधानाची तसबीर, ती रोज स्वतः पुसायचे. पण संसद मोडणं त्यांना पटेना. मुलाचा हात धरून ते रिकाम्या तंबूकडे चालत गेले. सगळ्या चौकाने पाहिलं. थोड्याच दिवसांत उठाव झाला. वडील तसबिरीपुढे बसून रडले आणि बाहेर गल्लीने त्यांना गद्दार ठरवून वाळीत टाकलं.

"अजून तो चौक स्वप्नात येतो," आगा म्हणाले. "सगळे बघतायत आणि बाबांचा हात घामाने माझ्या हातातून निसटतोय."

गेल्या हिवाळ्यात त्यांना बघायला इस्पितळात गेले. आवाज पार खोल गेला होता.

"तू बाहेरची, म्हणून विचारतो. माझ्या बापाने पाडलं का पंतप्रधानाला?"

"नाही हो, आगा. पाडणारे वेगळेच होते. तुमच्या वडिलांनी मनात होतं ते मत दिलं, एवढंच."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले.

"आणि मीनलने?"

माझं डोकं फिरलं. "तिचं वेगळं आहे!"

"हो," ते म्हणाले. "बाबांबद्दल गल्लीतलेही असंच म्हणायचे."

त्याच आठवड्यात ते गेले. भांडण माझ्याकडे ठेवून गेले. हल्ली व्हॅन चालवताना मी दोन्ही बाजूंनी एकटीच वाद घालते आणि दोन्हीकडून हरते.

परवा सुपरमार्केटमध्ये मागून ओळखीचा आवाज आला, "कशी आहेस?" मी मागे न वळता टोमॅटो निवडत राहिले. मीनलच्या मुलीने डचमध्ये विचारलं, "आई, मावशी बोलत का नाही?"

"ऐकू आलं नसेल गं तिला," मीनल म्हणाली.

मला सगळं ऐकू येत होतं.