अचानक म्हणू नका

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे तिनं कादंबरी वाचली आणि मी ऐकली. रोवणा चालू होता. दिवसभर चिखलात वाकून धानाचे परे लावून माझी बायको घरी आली, पाय धुतले आणि पडवीत पुस्तक घेऊन बसली. मी दुसरीतून शाळा सोडलेला, ती सातवी शिकलेली. वाचायचं तिनं, ऐकायचं मी.

कादंबरीतला जावई घर सोडून गेला. मी चिडलो. "अचानक कसा गेला? लिहिणाऱ्याचं डोकं फिरलं काय?"

"अजी, अचानक नाही गेला. तळ्याचं पाणी आपल्या शेताच्या शेवटच्या बांधीत एकदम येते काय? एका बांधीतून दुसरीत उतरते. सासऱ्यानं त्याले भरल्या ताटावरून उठवलं, ते मी परवा वाचलं. तवा तुम्ही डुलक्या मारून राहिले होते. कथानक म्हणजे हेच. मागच्यातून पुढचं निघते."

"बरं मास्तरीणबाई, वाच पुढं."

तिनं डावा खांदा दाबला. "हात लय दुखून राहिला जी. छातीवर वजन ठेवल्यासारखं वाटते."

रोवण्याच्या दिवसांत आमच्या गावात कोणत्या बाईचं अंग दुखत नाही? तेल चोळायचं, सकाळी पुन्हा बांधीत उतरायचं. मीही तेच म्हणालो. "रोवण्याचं दुखणं आहे. तेल लाव. पण आधी तो कुठं गेला ते वाच."

तिनं वाचलं. दोन पानं. घाम पुसत पुसत.

सकाळी ती चुलीजवळ पडली. लाखांदूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरनं विचारलं, "किती दिवसांपासून दुखत होतं?" दुपारी तिला जाळून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात माणसं बसली होती. दिघोरीहून आलेला माझा साळा सगळ्यांना सांगत होता, "बाईचं नशीब चांगलं. ना दुखणं, ना खुपणं. अचानक गेली." लोक माना हलवत होते. माझं टाळकं सरकलं.

"अचानक काहून?" मी ओरडलो. "रोवण्याच्या पहिल्या दिवशी परे उपटता उपटता ती हात धरून खाली बसली, ते मी पाह्यलं. दुसऱ्या दिवशी पाण्यानं भरला गुंड तिले डोक्यावरून उतरवता आला नाही, तेही पाह्यलं. तिसऱ्या दिवशी तिनं तोंडानं सांगितलं. मी म्हणलो, वाच."

"भाऊजी, जाऊ द्या. सुतकात असं बोलू नये."

"कायले जाऊ द्या? मधलं सगळं गाळून तू मले सोडवून राहिला. तुही बहीण होती ना रे ते?"

तो उठून गेला. मी त्याला थांबवलं नाही. मागं तिच्यासोबत रोवण्याला जाणाऱ्या बाया बसल्या होत्या. त्यांच्याकडे तोंड करून मी पुन्हा पहिल्या दिवसापासून सांगायला लागलो.