सिंथियाच्या ओट्यासमोर उभा राहणारा माणूस

नवरा गेल्यावर सिंथिया रोझारिओने सांताक्रूझच्या गावठाणातल्या घराच्या ओट्यावर फुगे तळायला घेतले. आंबवलेल्या मैद्याचे हे हलके गोळे पूर्वी लग्नातच व्हायचे. तिने ते रोज केले, सोबत कोंबडीचा रस्सा. थोड्याच दिवसांत फोनवरही ऑर्डरी येऊ लागल्या. घराचा मागचा भाग धाकटा दीर नोएलचा. तो नाहूरला राहायचा, खोल्या बंदच.

एक दिवस पन्नाशीचा, स्वच्छ कपड्यांतला माणूस आला. नाव किरण.

"झकास," खाऊन तो म्हणाला. "एकट्याच चालवता?"

"हो."

"घरात पुरुष माणूस नाही?"

सिंथिया पुढचा घाणा तेलात सोडायला वळली. दुसऱ्या दिवसापासून तो समोरच्या क्रुसापाशी उभा राहू लागला. येणाऱ्या गिऱ्हाइकाशी हळू आवाजात बोलायचा, आणि ते परत फिरायचं.

"काय सांगतो गं तो?" तिने शेजारच्या पेट्रिशियाला विचारलं.

"तुझं खाऊन कोणाचं तरी पोर आजारी पडलं म्हणतो."

"कोणाचं?"

"ते कोणालाच माहीत नाही."

ती पोलीस चौकीत गेली. "हात लावला? धमकी दिली?" तिथल्या हवालदाराने विचारलं. दोन्ही नाही. "मग रस्त्यावर उभा राहिला म्हणून काय करू, बाई?"

घरी आली तर ओट्यावर नोएल आणि किरण चहा पीत बसलेले, तिच्याच कपांतून.

"वैनी, तू आत फुगे कर, बाहेरचं किरण बघेल," नोएल म्हणाला. "दारात उभं राहणं तुला शोभत नाही."

किरणने कप विसळले आणि आत जाऊन फडताळात ठेवले. फडताळ कुठे आहे ते त्याने विचारलं नाही.

सिंथियाने तेवढंच म्हटलं, "ओटा माझा आहे." त्याच संध्याकाळी घराचं कुलूप बदललं; जुन्याची एक किल्ली नोएलकडे होती. सकाळी पहिला घाणा काढून ती गल्लीच्या मधोमध उभी राहिली आणि सगळ्यांदेखत फुगा खाल्ला. पेट्रिशियाने हात पुढे केला. मग आणखी दोघींनी.

किरण बघत होता. "खा, खा," म्हणाला आणि निघून गेला.

धंदा पुन्हा चालू लागला. पण सिंथिया आता पीठ निजायच्या खोलीत झाकून ठेवते, आणि पेट्रिशिया घरात बसल्याशिवाय चर्चला जात नाही. नोएलने मागच्या खोल्या किरणला भाड्याने दिल्यात. पहाटे ती पीठ मळायला बसली की भिंतीपलीकडे खुर्ची सरकते, अगदी भिंतीला लागेपर्यंत. ती मळणं थांबवत नाही.