शेकाचे दिवस

त्या दिवसांत मी देवाशी बोलणं सोडलं होतं. रुसून नव्हे, थकून. पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना नुकताच सुरू झाला होता आणि मी, थेरगावच्या एका शेतकऱ्याची बायको, पुण्याच्या इस्पितळात हेलपाटे घालत होते. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचा कॅन्सर, तोही क्वचितच दिसणाऱ्या जातीचा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ऑपरेशन करून गाठ काढली. आवाज गेला, नुसती कुजबुज उरली. पुढे सहा आठवडे यंत्राखाली किरणांचा शेक घ्यायचा होता. सुरुवातीला मालक सोबत आले, मग पेरण्या आल्या आणि मी एकटी जाऊ लागले. गळा आतून सोलवटून निघाला होता, पाण्याचा घोटही उतरेना. सासूबाई पेजेची वाटी घेऊन बसत. "थोडंच ऱ्हायलंय, बाई. कळ काढ," म्हणत.

एका सकाळी चिंचवड स्टेशनात गाडी आली आणि मी बाकावरून उठलेच नाही. ठरवलं नव्हतं, अंगात बळच उरलं नव्हतं. मोरया गोसावींच्या समाधीच्या दिशेनं हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. 'आता तुझं तू बघ,' एवढंच मनात आलं.

पापडाची टोपली घेऊन गाडीत चढणारी एक सिंधी बाई थबकली. माझ्या गळ्याकडे बघून म्हणाली, "दवाखाना?" मी मान हलवली. "मग चल ना!" तिनं हात धरून मला डब्यात चढवलं. इस्पितळात शेक होईपर्यंत ती पायरीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्याही. तिचं नाव देवीबाई. फाळणीत घरदार सोडून ती पिंपरी कॅम्पात आली होती. "तू बोलू नको, मी बोलते," म्हणायची आणि पुण्यापर्यंत सुनांच्या तक्रारी सांगायची.

शेवटच्या शेकाला मी कुजबुजत विचारलं, "एवढं का केलंत माझ्यासाठी?"

ती टोपलीवरचं फडकं सारखं करत म्हणाली, "तिकडून निघालो तेव्हा बहीण आजारी होती. गर्दीत तिचा हात सुटला. मग नाही सापडली."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

आवाज पुरता परत आला नाही. दुखणं गेलं की दबा धरून बसलंय, हे डॉक्टरही सांगत नाहीत. पूर्वी या विचारानं जीव कासावीस व्हायचा. आता तो विचार मी देवावर सोपवला आहे. माझ्याच्यानं तो पेलत नव्हता, आणि मी टेकले तिथंच कुणीतरी हात धरला, एवढं मला ठाऊक आहे.