पंख्याजवळच्या दोन जागा

आमच्या वहिनीला शेडमध्ये सगळ्या 'हवालदार' म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी हिंमत कोणातच नाही. संत्री निवडायच्या पट्ट्यावर आम्ही अठरा जणी आणि ती आमची मुकादम. देठ लांब राहिलेलं एक फळ जरी क्रेटमध्ये गेलं तरी ते शेजारच्याला टोचतं आणि सगळा माल नासतो, हे ती दिवसातून दहा वेळा ऐकवते. मी तिची नणंद, पण पट्ट्यावर नात्यागोत्याचं काही चालत नाही. उलट तिचा डोळा माझ्यावरच जास्त. अशा बाईबद्दल चार चांगले शब्द लिहायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. पण गुरुवारी जे झालं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

सहा महिन्यांपूर्वी आरोग्य केंद्राने आमच्याकडे एक समुपदेशक बाई पाठवल्या. शेतमजुरांच्या मनाची दुखणी ऐकायची, आठवड्यातून एक दिवस. सहा महिने चालवून बघायचं आणि मग पुढचं ठरवायचं. त्यांना ऑफिसशेजारची खोली मिळाली. समोरासमोर दोन खुर्च्या, टेबलावर कागदी रुमालांचा डबा, दारावर ठळक पाटी. महिनाभर तिकडे चिटपाखरू फिरकलं नाही. फिरकणार कसं? ते दार पट्ट्यावरून सरळ दिसतं. आत कोण गेलं, किती वेळ बसलं, बाहेर येताना डोळे लाल होते का, याची चर्चा चहाच्या आत शेडभर झाली असती. एक जण गेली ती डोकेदुखीची गोळी मागायला.

पाचव्या आठवड्यात वहिनी त्या खोलीत शिरली आणि बाईंना म्हणाली, "आमच्याकडे समोरासमोर बसलं की भांडण होतं. बोलायचं असलं की हाताला काम लागतं आणि नजर कामावर लागते. चला बाहेर."

तिने बाईंच्या हातात देठं कापायची कात्री दिली आणि त्यांना पट्ट्याच्या पार टोकाला, फळं वाळवायच्या मोठ्या पंख्याजवळ बसवलं. त्या पंख्याच्या घरघरीत शेजारी बसलेलीचं बोलणं तेवढं ऐकू येतं, तिसरीला एक अक्षर कळत नाही. आणि खरी गंमत पुढे आहे. पट्ट्यावर आमच्या जागा दर अर्ध्या तासाला बदलतात, मान आखडू नये म्हणून. म्हणजे बाईंच्या शेजारची जागा आपोआप प्रत्येकीच्या, अगदी मुकादमाच्याही, वाट्याला येणार. कोण बोलायला बसली आणि कोण नुसती देठं कापायला, हे सांगणार कोण?

बाईंनी पहिल्याच दिवशी बोट कापून घेतलं आणि वहिनीची बोलणी खाल्ली. पण महिनाभरात रंगच पालटला. बाळंतपणानंतर कशातच जीव रमत नाही असं एक जण बोलली. ते तिने पुढे स्वतःच आम्हाला सांगितलं. तिला डॉक्टरकडे पाठवलं आणि आता ती पट्ट्यावर गुणगुणते. मीही बोलले. काय बोलले ते इथे लिहिणार नाही. त्या अर्ध्या तासात मी दोन क्रेट भरले आणि एकदाही मान वर केली नाही, एवढंच सांगते.

दुसरी कोणी असती तर इथे खूश झाली असती. पण वहिनीला बागेतल्या गड्यांसाठीही असाच ऐकणारा माणूस हवा होता. का, ते मला माहीत होतं. माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, बागेत फवारणी करतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या फवारणीतल्या जोडीदाराने जीव दिला. त्या दुपारी दोघे एका डब्यात जेवले होते आणि दादाला काहीच कळलं नव्हतं. तेव्हापासून दादा कामापुरतं बोलतो. घरात ताट वाढलं की जेवतो, विचारलं की मान हलवतो. आधी त्याच्या थट्टेने आम्ही हैराण व्हायचो.

गुरुवारी आरोग्य केंद्राचे साहेब पाहणीला आले. पट्ट्यावरची सोय चालू राहील, असं त्यांनी आल्याआल्याच सांगून टाकलं. आम्ही टाळ्या वाजवल्या, पण वहिनीने त्यांना तशीच गडबडीने बाहेर नळांकडे नेलं. मीही कात्री टाकून मागे धावले. पहिल्यांदाच तिने मला हटकलं नाही. फवारणीचे गडी सकाळचं काम उरकून ओळीने पंप धूत होते. यांनाही माणूस द्या, तो इथेच बसेल, त्याच्याही हातात पंप असेल, असं ती धडाधड सांगत सुटली. साहेब हसले. पुरुष येत नाहीत, दोन ठिकाणी करून पाहिलं, म्हणाले. मग गड्यांकडे वळले. "तुमच्यातला एक जण जरी बसतो म्हणाला, तरी पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो."

नळ वाहत राहिले. कोणी वर बघेना. वहिनी दादाकडे बघत होती. एकाही गड्याच्या तोंडून शब्द फुटला नाही तर साहेब पुन्हा विचारायला येणार नव्हते.

दादाने पंप खाली ठेवला. "मी बसेन," तो म्हणाला.

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. त्याच्या शेजारचा म्हणाला, मग मलाही घ्या. पलीकडून आणखी दोघांनी हात वर केले, ओल्या हातांनीच. साहेबांनी घाईघाईने पिशवीतून नोंदणीचा कागद काढला. मला नाचावंसं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात दादा पुढे आला आणि कागदावर बोट ठेवून, वहिनीकडे मान वळवून म्हणाला, "पण पहिलं नाव हिचं लिहा. दोन वर्षं झाली, मला काही होईल म्हणून ही झोपलेली नाही. बाकीच्या सगळ्या त्या बाईंजवळ बसल्या. पंप धुताना इथून बघतो ना, हिने आपली जागा दर वेळी दुसरीला दिली. मला सगळं दिसतं, साहेब. बोलता येत नव्हतं."

एवढं सलग तो दोन वर्षांत बोलला नव्हता.

साहेबांनी वहिनीला नाव विचारलं. तिने तोंड उघडलं, पण हुंदक्यामुळे काही बोलताच येईना. मग तिचं नाव मी सांगितलं.